तुरुंगातून आलेली चित्रं आणि त्यांच्यामागे उभा राहणारा पैसा

रानजाई

मागे एका धाग्यावर मी ओघात लिहून गेले होते की मी फिलाडेल्फियात एका छोट्या न्यासात काम करते आणि आमची अनुदानं तुरुंगात राहून आलेल्या कलाकारांना जातात. त्यानंतर चार-पाच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, म्हणजे तुम्ही नक्की करता काय? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्याऐवजी इथेच लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी थोडे आकडे. अमेरिकेत १९७० च्या सुमारास राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आत माणसं होती. आज त्याच तुरुंगांत बारा लाखांवर माणसं आहेत. त्यात गावोगावच्या स्थानिक जेल, मुलांच्या कोठड्या आणि इमिग्रेशनच्या कोठड्या मिळवल्या की बेरीज एकोणीस लाखांच्या आसपास जाते. २००८ च्या सुमारास ती तेवीस लाखांवर होती. देशाची लोकसंख्या काही सहापट झालेली नाही. वाढल्या त्या शिक्षा. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना ठरलेली किमान शिक्षा आली, तिसऱ्यांदा पकडलं की जन्मठेप आली, कित्येक ठिकाणी पॅरोल, म्हणजे मुदतीआधी देखरेखीखाली सुटका, हा प्रकारच बंद झाला. आणि हे ओझं सारखं वाटलं गेलं नाही. काळ्या वस्त्यांमधल्या किती घरांत वडील, काका किंवा भाऊ यांच्यापैकी कुणी ना कुणी आत आहे, हे मी इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं फक्त ऐकत होते. मग त्या घरांत जाऊन चहा-कॉफी प्यायला लागले तेव्हा कळलं.

आता यात कलेचा आणि देणगीच्या पैशाचा संबंध कुठे येतो? या क्षेत्रात ज्या घटनेचं नाव सगळे घेतात ती २०१७ ची. न्यू यॉर्कच्या अॅग्नेस गुंड या मोठ्या कलासंग्राहक. त्यांच्या घरात शेकोटीच्या वरच्या भिंतीवर रॉय लिक्टेन्स्टाइन या प्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराचं 'मास्टरपीस' हे १९६२ चं चित्र होतं. ते त्यांनी १६.५ कोटी डॉलरना विकलं आणि त्यातले १० कोटी काढून 'आर्ट फॉर जस्टिस' हा निधी उभा केला. फोर्ड फाउंडेशन आणि रॉकफेलर फिलॅन्थ्रॉपी अॅडव्हायझर्स या देणगीक्षेत्रातल्या मोठ्या संस्था सोबत होत्या. एव्हा ड्युव्हर्नेंचा '१३थ' हा काळ्या लोकांच्या तुरुंगवासावरचा माहितीपट पाहून त्या हलल्या होत्या. त्यांच्या बारा नातवंडांपैकी सहा आफ्रिकन-अमेरिकन, त्या मुलांचं पुढे काय होईल ही काळजी त्यांनी उघड बोलून दाखवली होती. हा निधी कायमचा नव्हता. पैसे साठवायचे नाहीत, ठरलेल्या मुदतीत वाटून संपवायचे, असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. २०२३ च्या जूनमध्ये तो बंद झाला, तोपर्यंत १२.५ कोटींवर डॉलर दोनशेहून जास्त संस्थांना आणि कलाकारांना गेले होते. जामिनाची पद्धत बदलणाऱ्यांना, शिक्षा कमी व्हाव्यात म्हणून लढणाऱ्यांना आणि चित्रकार, कवी, नाटकवाल्यांना. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अॅग्नेसबाई गेल्या. त्या दिवशी ऑफिसात आम्ही फारसं काम केलं नाही.

आमचा न्यास त्यांच्या मानाने अगदीच लहान. वर्षाला वीस-बावीस अनुदानं. माझं काम म्हणजे अर्ज वाचणं, माणसांना भेटणं, विश्वस्तांपुढे बाजू मांडणं आणि पैसे पोचेपर्यंत पाठपुरावा करणं. शेवटचं काम सगळ्यांत सोपं असेल असं मला वाटायचं. तेच सगळ्यांत अवघड निघालं.

एक उदाहरण सांगते, नाव सांगत नाही. हे गृहस्थ सतराव्या वर्षी आत गेले. पेनसिल्व्हेनियात जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, पॅरोल नाही. अल्पवयात जन्मठेप झालेल्यांची संख्या देशात सगळ्यांत जास्त याच शहरात होती, तीनशेच्या आसपास. २०१२ आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले, त्यामुळे या लोकांना पुन्हा शिक्षा सुनावणं भाग पडलं आणि बरेच जण सुटले. हे गृहस्थ एकोणतीस वर्षांनी बाहेर आले. आत असताना पेन्सिल आणि कॉफी, एवढ्यावर चित्रं काढायचे. कॉफीची पूड कमी-जास्त पाण्यात कालवून पाच-सहा छटा करायच्या आणि टिश्यूची सुरळी हाच कुंचला.

त्यांनी आमचा अर्ज भरला तो मोठ्या, सुट्या अक्षरांत. अर्जात 'स्टुडिओचा पत्ता' असा एक रकाना होता. त्यात त्यांनी ब्लॉक आणि कोठडीचा नंबर लिहिला होता, आणि पुढे कंसात वर्षं. 'यापूर्वीची प्रदर्शनं' या रकान्यात लिहिलं होतं, 'आईच्या घरी, जिन्यातल्या भिंतीवर.' मी तो कागद किती वेळ हातात धरून बसले होते ते आठवत नाही. तो रकाना आमच्यापैकी कुणीतरी कलाशाळेतून आलेली माणसं डोळ्यांपुढे ठेवून घातला होता. पुढच्या वर्षी आम्ही तो काढून टाकला.

अनुदान मंजूर झालं, चेक निघाला, आणि तो वटेना. बँकेत खातं नाही. खातं उघडायला ओळखपत्र लागतं, ओळखपत्राला जन्मदाखला, आणि जन्मदाखला मागवायला पुन्हा ओळखपत्र. अडीच महिने गेले. दुसरी एक अडचण आमच्या लक्षातच आली नव्हती. ज्यांना अपंगत्वाची सरकारी मदत मिळते त्यांच्या नावावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असली की ती मदत थांबू शकते. म्हणजे आम्ही दहा हजार दिले की त्या माणसाचं औषधपाणी धोक्यात. एका बाईंच्या बाबतीत हे झालंच. चूक सर्वस्वी आमची होती, आम्ही विचारलंच नव्हतं. आता पहिल्या भेटीत मी चित्रांबद्दल बोलायच्या आधी विचारते, पैसे कसे, कधी आणि किती तुकड्यांत हवेत. एकाने सांगितलं, आधी दात. पुढचे दोन दात नव्हते आणि लोकांसमोर बोलायला त्याला संकोच वाटायचा. विश्वस्तांपैकी एकाने विचारलं, दंतवैद्याचं बिल हा कलेचा खर्च कसा? मी म्हटलं, त्याला चित्राशेजारी उभं राहून बोलायचंय. मंजूर झालं.

सध्या आमच्या त्या कॉफीवाल्या गृहस्थांची चित्रं शेजारच्या राज्यातल्या एका गॅलरीत लागणार आहेत. सुटल्यावरही सरकारी देखरेखीखाली असलेल्या माणसाला राज्याबाहेर पाऊल टाकायला लेखी परवानगी लागते. अर्ज देऊन सहा आठवडे झाले, उत्तर नाही. उद्घाटन पुढच्या शनिवारी आहे.

विचारा काय विचारायचं ते. सांगता येईल तेवढं सांगेन.

---

अबोली

रानजाई, जिन्यातल्या भिंतीपाशी मी थांबले. पुढचं नंतर वाचलं.

एक विचारायचं होतं. आत असलेल्यांना रंग-कागद पाठवता येतात का? मी शाळेत चित्रकला शिकवते, मुलांकडून काही करून पाठवावं असं लगेच मनात आलं.

---

रानजाई

अबोली, सरळ टपालाने नाही. रंग ठरलेल्या दुकानदाराकडूनच, तेही तुरुंगाने परवानगी दिली तर. आणि मुलांच्या चित्रांबद्दल एक गोष्ट सांगते. पेनसिल्व्हेनियात २०१८ पासून कैद्यांची घरगुती पत्रं थेट तुरुंगात जात नाहीत. ती दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीकडे जातात, तिथे स्कॅन होतात, आणि कैद्याच्या हाती छापील प्रत पडते. मूळ पत्र नष्ट केलं जातं. कागदाला लावून अमली पदार्थ आत येतात हे त्यामागचं कारण. पण पाच वर्षांच्या मुलीने मेणाच्या खडूने काढलेलं घर बापाच्या हातात पडतं ते गुळगुळीत कागदावर. खडूचा उंचवटा बोटाला लागत नाही. आमच्याकडच्या एका कलाकाराने नेमकं यावरच काम केलं. मुलीच्या चित्राची ती प्रत घेऊन त्यावर स्वतः मेणाचे थर चढवले, पुन्हा हाताला लागेपर्यंत.

---

निवृत्त_वकील

लेख मनापासून लिहिलेला आहे, म्हणून मीही मनात आहे ते स्पष्ट लिहितो. बत्तीस वर्षं फौजदारी कोर्टात गेली. दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. ज्या घरातला मुलगा मारला गेला त्या आईला पेपरात कळतं की मारणाऱ्याला चित्रं काढायला दहा हजार मिळाले. तिच्यासाठी कुठला न्यास आहे? तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण या प्रश्नाला बगल देऊन हे काम करता येणार नाही.

---

रानजाई

काका, बगल देत नाही. हा प्रश्न मला पहिल्या वर्षी झोपू देत नसे, आणि आजही तो संपलेला नाही.

याच शहरात घडलेलं एक काम सांगते. फिलाडेल्फियात म्युरल आर्ट्स नावाची संस्था आहे, शहरभर भिंतींवर हजारो चित्रं तिने केली आहेत. शहराबाहेर ग्रेटरफोर्डचा मोठा तुरुंग होता, २०१८ मध्ये तो बंद होऊन फीनिक्स नावाचा नवा झाला. त्या तुरुंगात या संस्थेचे वर्ग चालत. २००४ च्या सुमारास 'हीलिंग वॉल्स' नावाचं काम झालं, त्यात कैदी आणि गुन्ह्यात आपली माणसं गमावलेले लोक एका खोलीत बसले. सुरुवातीला एकच भिंत ठरली होती. जमलं नाही. दोन्ही बाजूंना एका चित्रात मावता येईना. शेवटी दोन भित्तिचित्रं झाली, एक कैद्यांच्या वाटेचं आणि एक पीडितांच्या वाटेचं. उत्तर फिलाडेल्फियात जवळजवळ उभी आहेत. मला त्यातलं हे न जमणंच फार मोलाचं वाटतं. कुणी कुणाला माफ केलंच पाहिजे असा आग्रह तिथे नव्हता.

कैद्यांना भिंतीपाशी येता येत नाही, मग ते रंगवतात कसे? पॅराशूटचं म्हणून ओळखलं जाणारं पातळ कापड असतं. त्याचे चौकोन तुरुंगात जातात, आत रंगतात, बाहेर येतात आणि भिंतीवर वॉलपेपरसारखे चिकटवले जातात. आपण रंगवलेली भिंत त्यातल्या कित्येकांनी आजवर फक्त फोटोत पाहिली आहे.

जेम्स हफ या कलाकाराची सुरुवात त्याच वर्गात झाली. सतराव्या वर्षी जन्मठेप, सत्तावीस वर्षं आत. २०२० मध्ये फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयानेच त्यांना निवासी कलाकार म्हणून बोलावलं. तिथे त्यांनी व्यक्तिचित्रं केली, शिक्षा भोगून आलेल्यांची, त्या कार्यालयातल्या माणसांची आणि गुन्ह्याची झळ बसलेल्यांचीही. तासन्‌तास समोरासमोर बसून.

आणि त्या आईसाठी न्यास कुठला, हे तुम्ही विचारलंत ते योग्यच आहे. आमच्या यादीत दर वर्षी दोन-तीन अनुदानं अशा आयांच्या गटांना असतात. दोन-तीनच, हे मला मान्य आहे. आणखी एक, गेल्या वर्षीच्या बावीस जणांपैकी नऊ जणांच्या घरातलं कुणी ना कुणी स्वतः गोळीबारात गेलेलं होतं. दोन्ही बाजू पुष्कळदा एकाच गल्लीत, एकाच घरात असतात.

---

निवृत्त_वकील

एकच भिंत जमली नाही आणि तसं कबूल करून दोन केल्या, हे मला पटलं. बाकी माझा आक्षेप मागे घेत नाही, पण तुम्ही तो ऐकून घेतलात.

---

चित्रकथी

मी चित्रकार आहे, त्यामुळे माझी शंका वेगळी. कैद्यांची चित्रं म्हणून जे दाखवलं जातं ते बघताना लोक चित्र बघतच नाहीत, गोष्ट बघतात. 'बिचारा, आतमध्ये बसून केलंय' असं म्हणतात. चित्रकाराचा याहून मोठा अपमान नाही. अनुदान देताना तुम्ही चित्र चांगलं आहे का हे बघता की गोष्ट किती करुण आहे हे?

---

रानजाई

चित्रकथी, अगदी खरं. याच कारणासाठी निकोल फ्लीटवूड या अभ्यासक बाईंचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या स्वतःच्या घरातली माणसं आत होती. त्यांनी या कलेवर पुस्तक लिहिलं आणि २०२० मध्ये न्यू यॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंग्रहालयात मोठं प्रदर्शन मांडलं. त्यांचं म्हणणं असं की आतल्या कलाकाराकडे वेळ, जागा आणि साहित्य या तीनही गोष्टी वेगळ्याच असतात, म्हणून त्या कलेची घडणही वेगळी असते. ती घडण बघायला शिका.

जेसी क्राइम्सचं काम घ्या. केंद्राच्या तुरुंगात होते. वर्तमानपत्रातली छायाचित्रं केसांना लावायच्या जेलने ओली करायची, चादरीवर पालथी ठेवायची आणि चमच्याने घासून छाप उतरवायची. अशा एकोणचाळीस चादरी. एक पुरी झाली की टपालाने घरी. पुढची करताना मागची समोर नाही, क्षितिजाची रेघ जुळवायची ती डोक्यातल्या डोक्यात. सगळं चित्र एकत्र जोडलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते सुटून आल्यावर. त्याआधी एकांत कोठडीत असताना पेपरात आलेले, पोलिसांनी काढलेले आरोपींचे फोटो साबणाच्या वड्यांवर उतरवून, त्या वड्या पत्त्यांच्या जोडात लपवून बाहेर पाठवल्या होत्या. किंवा डीन गिलिस्पी. न केलेल्या गुन्ह्यासाठी वीस वर्षं ओहायोत आत. तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी, टाचण्या, वहीचे पुठ्ठे असल्या वस्तूंतून रस्त्याकडेच्या खानावळीची इवलीशी प्रतिकृती केली, आतल्या दिव्यांसकट वाटावी अशी. यात मला करुणा दिसत नाही. कारागिरी दिसते, आणि डोकं.

आमच्या निवड समितीत आता निम्मी माणसं स्वतः आत राहून आलेली आहेत. ती आमच्यापेक्षा जास्त कडक आहेत. 'हे रडगाणं आहे, चित्र नाही' असं मला कधी म्हणता आलं नसतं. ते म्हणतात.

---

जर्सीकर

मी न्यू जर्सीत फायनान्समध्ये आहे. हा पैसा येतो कुठून, यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. इथल्या खासगी न्यासांना दर वर्षी मालमत्तेच्या साधारण पाच टक्के रक्कम खर्च करावी लागते, या सक्तीची सुरुवात १९६९ च्या करसुधारणेतली. उरलेले पंचाण्णव टक्के बाजारात गुंतलेले असतात. ते कुठे गुंतलेत हे तुमच्या न्यासाने कधी बघितलंय का? पाच टक्क्यांनी कैद्यांना मदत आणि पंचाण्णवातले काही तुरुंग चालवणाऱ्या कंपन्यांत, असं नको व्हायला.

---

रानजाई

बघितलं, आणि बघताना मान खाली गेली. २०१९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये कलाकारांनी म्युझियमपुढे याच मुद्द्यावर निदर्शनं केली, की विश्वस्तांचा पैसा खासगी तुरुंगांच्या धंद्यात आहे. तेव्हा आमच्या एका अनुदानधारक बाईंनी मला फोन करून थेट विचारलं, "तुमचा?" मला माहीत नव्हतं. चौकशीत निघालं की एका म्युच्युअल फंडाच्या पोटात अशा कंपनीचे थोडे शेअर होते. ते काढायला चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांत त्या बाईंनी आमचा पुढचा हप्ता घेतला नाही. त्या वेळी त्यांच्याकडे भाड्याचे पैसे नव्हते. मी हे कधीही विसरणार नाही.

---

सोलापूरकर७१

आमच्या सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण कुणी काढेल म्हणून वाट पाहत होतो. तारेच्या कुंपणाआड अख्ख्या जमाती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्माला आलं पोर की गुन्हेगार. पारधी, कैकाडी, भामटे. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. १९५२ च्या ३१ ऑगस्टला त्यांना 'विमुक्त' केलं. माझी आजी त्या दिवसाला स्वातंत्र्यदिन म्हणायची. पंधरा ऑगस्ट आपला नाही, असं तिचं ठाम मत होतं.

गुजरातेत छारा जमातीच्या पोरांनी १९९८ मध्ये अहमदाबादला बुधन थिएटर सुरू केलं. बंगालमध्ये बुधन सबर पोलीस कोठडीत मारला गेला, त्याच्यावरचं नाटक रस्त्यावर उभं केलं. मागे लेखिका महाश्वेतादेवी आणि आपले भाषा-अभ्यासक गणेश देवी होते. मोठी देणगी वगैरे काही नव्हती. वस्तीतलं एक वाचनालय होतं, तिथून सुरू झालं.

ताई, तुम्ही तिकडचं लिहिता ते वाचताना मला सारखी ती तार दिसते.

---

रानजाई

सोलापूरकर, वाचनालयाचा मुद्दा तुम्ही काढलात, त्यावरून सांगते. रेजिनाल्ड ड्वेन बेट्स हे कवी आणि वकील. सोळाव्या वर्षी गाडी पळवण्याच्या गुन्ह्यात आत, आठ वर्षांवर शिक्षा भोगली. एकांत कोठडीत असताना दाराखालून कुणीतरी कवितेचं एक पुस्तक सरकवलं, तिथून ते कवी झाले. २०२० मध्ये मेलन फाउंडेशनच्या साडेबावन्न लाख डॉलरच्या अनुदानावर त्यांनी तुरुंगांत ग्रंथालयं उभी करायला घेतली. एकेका संचात पाचशे पुस्तकं. कपाटं अस्सल लाकडाची आणि वळणदार, कारण तुरुंगात सगळं सरळ रेषेतलं असतं. उंचीही मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन माणसांना वरून एकमेकांशी बोलता येतं. पहिलं कपाट मॅसॅच्युसेट्समधल्या त्या तुरुंगात गेलं जिथे काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले माल्कम एक्स तरुणपणी कैदी होते.

तुमच्या आजीचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं आहे.

---

वाटसरू

भारतातली स्थिती थोडक्यात. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात ५,७३,२२० कैदी, त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून जास्त. गुन्हा सिद्धच झालेला नाही अशी माणसं. तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के गर्दी. आपल्याकडे कैद्यांचे हाल शिक्षेच्या लांबीपेक्षा तारखांमुळे जास्त होतात. इथे चित्रकलेच्या अनुदानाआधी जामीनदार लागतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून हेच काम करतोय. त्यांना विचारा, एका कच्च्या कैद्याच्या घरी नुसता निरोप पोचवणं केवढं काम असतं.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी मात्र यात आणता येईल. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे. पण 'तुरुंग' म्हटलं की कंपनीचा माणूस फोन ठेवतो, हा माझा अनुभव.

---

रानजाई

वाटसरू, जामीनदार आधी, अगदी मान्य. इथेही स्थानिक जेलमध्ये कुठल्याही दिवशी चार लाखांहून जास्त माणसं गुन्हा सिद्ध न होता बसलेली असतात, बरीचशी केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून. म्हणूनच आर्ट फॉर जस्टिसने चित्रकार आणि जामिनावर काम करणारे वकील, दोघांना एकाच थैलीतून पैसे दिले. ती सांगड मला फार मोलाची वाटते. चित्राने कायदा बदलत नाही. पण कायदा बदलायला निघालेल्या माणसाच्या टेबलावर ते चित्र असलं, तर तो 'प्रकरण क्रमांक' म्हणायच्या आधी थांबतो. हे मी एका आमदाराच्या कचेरीत डोळ्यांनी पाहिलंय.

---

कृष्णाकाठ

रानजाई, तुम्ही मागे लिहिलं होतं की तुमचं माहेर आटपाडीकडचं. मग स्वतंत्रपूर कसं विसरलात?

---

रानजाई

कृष्णाकाठ, विसरले नाही हो. लिहायला घेतलं होतं आणि खोडलं, कारण ते माझ्या फार जवळचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, गज नाहीत. कैदी बायकामुलांसह राहणार, शेती करणार, बाजाराला गावात येणार आणि संध्याकाळी आपल्या पायांनी परत जाणार. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरचा त्यात मोठा हात होता. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'मागची प्रेरणा हीच वसाहत. आणि ज्या राजाने हे होऊ दिलं ते भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, औंधचं चित्रसंग्रहालय त्यांनीच उभं केलं. चित्रं जमवणारा आणि तुरुंगाच्या भिंती काढून टाकणारा माणूस एकच. मी इथे आल्यावर कितीतरी वर्षांनी या दोन गोष्टी मनात एकत्र आल्या.

लहानपणी बाजारच्या दिवशी आजीबरोबर जायचे. ती एका ठरावीक माणसाकडूनच वांगी घ्यायची. तो स्वतंत्रपूरचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा मी मोठ्याने विचारलं, "आजी, हा चोर आहे का?" आजीने हातातली पिशवी खाली ठेवली आणि मला म्हणाली, "त्यांना अहोजाहो करायचं. शेतकरी आहेत ते." मग त्यांच्याकडे वळून, "पोरगी आहे, मनावर घेऊ नका." त्यांनी माझ्या हातात एक वांगं ठेवलं. काटेरी देठ टोचला तो अजून आठवतो.

---

अबोली

रानजाई, शनिवार होऊन गेला. परवानगीचं काय झालं? रोज येऊन बघतेय.

---

रानजाई

अबोली, उशीर झाला, माफ करा.

परवानगी आली शुक्रवारी दुपारी चार वाजता. एका दिवसाची, आणि तीही शुक्रवारचीच. रात्री नऊच्या आत घरी. म्हणजे उद्घाटन नाहीच. मी गाडी काढली, त्यांच्या आईंना घेतलं, त्यांना घेतलं, आणि दीड तासात गॅलरीत पोचलो. आत फक्त चित्रं लावणारे दोघे होते, शिडीवर. एक चित्र अजून जमिनीवर भिंतीला टेकवलेलं होतं.

ते मधल्या मोठ्या चित्रापुढे गेले. मग मागे यायला लागले. एकेक पाऊल, चित्रावरची नजर न काढता, पार पलीकडच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. मला म्हणाले, कोठडीत सहा पावलांच्या पुढे मागे जाताच येत नाही, त्यामुळे हे चित्र लांबून कसं दिसतं ते मला माहीतच नव्हतं. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, डावीकडचा हात चुकलाय. जवळून कळत नव्हतं.

आईंनी विचारलं, दुरुस्त करणार का? त्यांनी शिडीवरच्या मुलाकडे कॉफी मागितली.